मोर्स स्पर्धेतला गोंगाट: क्यूआरएमबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हौशी रेडिओवर (हॅम रेडिओ) ठराविक वेळेत जास्तीत जास्त स्टेशनांशी संपर्क करण्याच्या मोर्सच्या मोठ्या स्पर्धा तोंडावर आल्या की तेच प्रश्न पुन्हा येऊ लागतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. सुरुवातीचे प्रश्न पहिल्यांदा स्पर्धेत उतरणाऱ्यांचे आहेत, पुढचे मुरलेल्या मंडळींचे. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगितलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. एक गोष्ट आधीच सांगतो. स्पर्धेत ज्याला आपण शेजाऱ्याचा त्रास म्हणतो, त्यातला बराचसा आपल्याच रिसीव्हरमध्ये जन्माला आलेला असतो. त्यामुळे खालच्या बऱ्याच उत्तरांची सुरुवात आपल्याच टेबलापासून होते.

१. क्यूआरएम, क्यूआरएन, क्यूएसबी यांत फरक काय? शेवटी सगळा गोंगाटच ना?

कानाला गोंगाटच, पण प्रत्येकावरचा उपाय वेगळा. दुसऱ्या स्टेशनांमुळे होणारा त्रास म्हणजे क्यूआरएम. विजा आणि वातावरण यांची खरखर म्हणजे क्यूआरएन. सिग्नल वरखाली होत विरत जाणं म्हणजे क्यूएसबी. क्यूआरएमवर फिल्टर, अँटेनाची दिशा आणि जागा बदलणं उपयोगी पडतं. क्यूआरएन फिल्टरला फारशी दाद देत नाही. क्यूएसबीवर थांबून पुन्हा विचारणं हाच उपाय. घरातल्या उपकरणांची कुरकुर ही चौथी जात, तिच्यासाठी प्रश्न १२ पाहा.

२. बँड एवढा मोठा असताना सगळे एकमेकांच्या अंगावर का बसतात?

कारण वापरायची जागा मोठी नसते. २० मीटरवर (१४ मेगाहर्ट्झच्या बँडवर) आयएआरयू या हौशी रेडिओच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या रीजन १ च्या (युरोप, आफ्रिका वगैरे) बँड प्लॅनमध्ये मोर्स स्पर्धेसाठी १४.००० ते १४.०६० मेगाहर्ट्झ हा पट्टा सुचवलेला आहे. म्हणजे ६० किलोहर्ट्झ. दोन स्टेशनांत ५०० हर्ट्झ अंतर ठेवलं तर १२० जण मावतात, आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी होणाऱ्या ४८ तासांच्या सीक्यू वर्ल्डवाइड मोर्स स्पर्धेत सीक्यू देणारे (म्हणजे 'कुणीही उत्तर द्या' अशी हाक घालणारे) त्याहून कितीतरी जास्त असतात. मिनिटाला ३० शब्दांच्या स्वच्छ मोर्सला जेमतेम १०० ते १५० हर्ट्झ लागतात, त्यामुळे ३०० हर्ट्झवर शेजारी असणं हा उद्धटपणा नाही. स्पर्धेत ते नेहमीचंच आहे. आवाजाच्या बँडवरून आलेल्यांना हे पचायला वेळ लागतो.

३. रिकामी जागा कशी शोधायची? 'क्यूआरएल?' किती वेळा विचारायचं?

आधी फिल्टर ५०० हर्ट्झवर उघडा. अरुंद फिल्टरमध्ये शेजारी दिसतच नाही आणि आपण त्याच्या मांडीवर जाऊन बसतो. पाच-दहा सेकंद ऐका, कारण तिथला माणूस त्या क्षणी समोरच्याचं ऐकत गप्प असू शकतो आणि समोरचा तुमच्याकडे पोहोचत नसतो. मग 'क्यूआरएल?' (ही जागा वापरात आहे का?) पाठवा, थांबा, पुन्हा एकदा पाठवा. उत्तरात 'सी', 'आर', 'येस' किंवा नुसता एखादा घाईचा डिट (मोर्समधला ठिपका) आला तरी जागा भरलेली आहे असं समजून पुढे जा. नुसता प्रश्नचिन्ह पाठवून चालत नाही. समोरच्याला वाटतं, कुणी त्याचा कॉल (स्टेशनचं ओळखचिन्ह) विचारतंय.

काही जागा मोकळ्या दिसल्या तरी सोडायच्या. १४.१०० मेगाहर्ट्झवर जगभरातले १८ बीकन (आपोआप खुणेचा सिग्नल पाठवणारी स्टेशनं) आळीपाळीने, दर ३ मिनिटांत एक फेरी या हिशेबाने, प्रक्षेपण करतात. १४.०६० वर कमी शक्तीवाले जमतात. १४.०७४ च्या आसपास एफटी८ ही संगणकाने वाचायची डिजिटल पद्धत चालते, तिथे तुमचा सीक्यू कुणी कानाने ऐकत नसतो. ४० मीटरवर ७.०४७५ वर तशीच एफटी४ असते, ती तर मोर्सच्या गर्दीला लागूनच आहे. आणि १०, १८, २४ मेगाहर्ट्झच्या बँडवर स्पर्धा होत नाहीत. ज्यांना स्पर्धेत रस नाही त्यांचा तो आसरा आहे, तिथे स्पर्धेचा संपर्क करायला जाऊ नका.

४. फिल्टर किती अरुंद ठेवू? मी ५० हर्ट्झवर नेला तर सगळंच घंटेसारखं घुमतं.

घुमणारच. फिल्टर जितका अरुंद तितका तो हळू प्रतिसाद देतो. डिट संपला तरी आत नाद उरतो आणि पुढच्या डिटमध्ये मिसळतो. वेग ३० शब्दांच्या वर असेल तर १०० हर्ट्झच्या खाली गेल्यावर अक्षरं एकमेकांना चिकटू लागतात. खरखरीच्या हिशेबात पाहिलं तर रुंदी निम्मी केल्यावर ३ डेसिबल मिळतात, म्हणजे अर्धा एस युनिट (सिग्नल मीटरवरची ६ डेसिबलची पायरी). ५०० वरून २५० वर येणं फायद्याचं आहे. त्याखाली मिळतं थोडं आणि जातं जास्त.

मी स्वतः सीक्यू देताना ४०० ते ५०० ठेवतो, कारण हाक मारणारे नेमके माझ्या सुरावर येत नाहीत आणि अरुंद फिल्टरमुळे ते मला कळतच नाहीत. इतरांना शोधत फिरताना २५० ठेवतो. घुमणं नको असेल तर फिल्टरच्या कडा 'सॉफ्ट' ठेवायची सोय बऱ्याच रेडिओंत असते, ती वापरून पाहा.

इथे एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. सूर खाली आणा. साइडटोन (मोर्स कानाला ज्या सुरात ऐकू येतो तो) ८०० हर्ट्झवर असेल तर ५० हर्ट्झवरचा शेजारी सुमारे ६ टक्के वेगळा ऐकू येतो. तोच सूर ४५० वर आणला तर तेवढ्याच अंतराचा शेजारी ११ टक्के वेगळा. कान सुरातला फरक गुणोत्तराने ओळखतो, म्हणून खालच्या सुरावर दोन सिग्नल जास्त सुटे होतात. पहिले दोन दिवस विचित्र वाटतं, मग सवय होते. याला पैसे लागत नाहीत, आणि माझ्या अनुभवात याने जेवढा फरक पडला तेवढा कुठल्याही महागड्या फिल्टरने पडला नाही.

त्रास एकाच बाजूने असेल तर फिल्टर आवळण्याऐवजी तो सरकवा. पासबँड शिफ्टने खिडकी विरुद्ध बाजूला ढकलली की शेजारी कडेबाहेर पडतो आणि हवा तो सिग्नल आत राहतो.

५. फिल्टर आवळूनही शेजाऱ्याची 'टक टक' येतेच. हे काय आहे?

बहुधा की-क्लिक. मोर्सचा सिग्नल चालू-बंद होताना जर फटकन चढला-उतरला तर त्याची ऊर्जा दोन्ही बाजूंना पसरते. चढायला-उतरायला ५ मिलिसेकंद दिले तर सिग्नल मऊ आणि सडपातळ राहतो. १-२ मिलिसेकंदांत उरकलं तर टकटक दूरवर पोहोचते. ती ऊर्जा खरोखरच तुमच्या खिडकीच्या आत येऊन पडलेली असते, त्यामुळे जगातला कुठलाही फिल्टर ती काढू शकत नाही. अँटेना थोडी वळवून त्या स्टेशनाला कमकुवत दिशेत टाका, नाहीतर जागा बदला.

पण त्याला दोषी ठरवण्याआधी पुढचा प्रश्न वाचाच.

६. दोष त्याच्या ट्रान्समीटरचा की माझ्या रिसीव्हरचा, हे कसं ओळखायचं?

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, हे इथे अगदी शब्दशः खरं आहे. क्रमाने असं करा.

नॉइज ब्लँकर (ठिणग्यांची टिकटिक कापणारी सोय) चालू असेल तर बंद करा. ब्लँकर फिल्टरच्या आधी, रुंद पट्ट्यावर काम करतो. शेजारचा जोरदार सिग्नल आला की तो त्यालाच ठिणगी समजून रिसीव्हर क्षणभर कापत राहतो, आणि बँडवरच्या प्रत्येकाला क्लिक असल्यासारखं ऐकू येतं. अनेकांची तक्रार इथेच मिटते.

मग प्रीॲम्प (अँटेनाचा सिग्नल आधीच वाढवणारी सोय) बंद करा. ४० मीटर आणि त्याखालच्या बँडवर स्पर्धेच्या रात्री त्याची गरज नसते.

आता अटेन्युएटरची, म्हणजे येणारा सिग्नल मुद्दाम कमी करणाऱ्या सोयीची, परीक्षा. १० डेसिबलचा अटेन्युएटर लावा. हवेतून आलेला खरा सिग्नल १० डेसिबलच उतरेल, पावणेदोन एस युनिटच्या आसपास. पण त्रास देणारा आवाज जर दोन तगड्या सिग्नलांच्या मिश्रणातून तुमच्या रिसीव्हरमध्येच तयार झालेला तिसऱ्या क्रमाचा इंटरमॉड्युलेशन असेल तर तो ३० डेसिबल उतरतो, म्हणजे जवळजवळ नाहीसाच होतो. तसं झालं तर अटेन्युएटर तसाच राहू द्या आणि पुढे खेळा. खरखरही सोबत उतरलेली असते, त्यामुळे हरवत काहीच नाही.

या परीक्षेला एक अपवाद आहे. शेजाऱ्याच्या प्रत्येक डिटबरोबर 'फस्स फस्स' अशी फेसाळ खरखर येत असेल तर तो फेज नॉइज, म्हणजे ऑसिलेटरच्या अस्थिरतेतून येणारी खरखर. तो त्याच्या ऑसिलेटरचा असू शकतो किंवा तुमच्या, आणि अटेन्युएटर लावल्यावर दोन्ही सारखेच उतरतात. तिथे दुसऱ्या जातीच्या रिसीव्हरवर तोच सिग्नल ऐकल्याशिवाय निकाल लागत नाही. थेट डिजिटल रूपांतर करणाऱ्या एसडीआरमध्ये (सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या रेडिओत) लक्षण आणखी वेगळं असतं. मर्यादा ओलांडली की त्या क्षणी पडद्यावरचा अख्खा वॉटरफॉल (बँडवरच्या सिग्नलांचं सरकतं चित्र) उजळतो.

७. एजीसी चालू ठेवू की बंद?

एजीसी म्हणजे सिग्नलप्रमाणे आवाज आपोआप वरखाली करणारी सोय. ती चालू, पण फास्ट. आणि आरएफ गेन (रिसीव्हरची संवेदनशीलता) कमी करून. गेन इतका उतरवा की नुसत्या खरखरीने एजीसी हलणार नाही, फक्त चांगल्या सिग्नलने हलेल. मग कमजोर सिग्नल आणि पार्श्वभूमी यांत अंतर पडतं, आणि दिवसअखेर कान कमी थकतात. ४८ तासांच्या स्पर्धेत ही थकव्याची बाब फार मोठी आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे चुकणारे कॉल बहुतेक थकलेल्या कानांमुळे चुकतात.

एजीसी पूर्ण बंद केल्यावर अक्षरं जास्त सुटी वाटतात हे खरं, पण अचानक शेजारचा तगडा माणूस बोलला तर कानाला इजा होऊ शकते. बंद करायचाच असेल तर हेडफोनच्या वाटेवर लिमिटर हवा.

शेजारी ऐकू येत नाही, तरी तुम्ही ऐकताय तो सिग्नल त्याच्या तालावर बुडतोय असं झालं तर तो शेजारी रूफिंग फिल्टरच्या (रिसीव्हरमधल्या सुरुवातीच्या फिल्टरच्या) आत आणि पुढच्या डिजिटल फिल्टरच्या बाहेर बसलेला आहे. अरुंद रूफिंग फिल्टर निवडा, किंवा गेन आणखी उतरवा.

८. नॉइज रिडक्शनने फायदा होतो का?

मोर्स स्पर्धेत फारसा नाही. तो खरखर कमी करतो, पण घाईच्या मोर्समध्ये अक्षरांच्या कडा पुसतो आणि एकावर एक चढलेल्या हाकांचा लगदा करतो. ब्लँकरबद्दल वर ६ मध्ये आलंच आहे. तो गाडीचं इग्निशन किंवा विजेचं कुंपण अशा नियमित टिकटिकीपुरता ठेवावा.

९. मी तासभर एका जागी सीक्यू देतोय आणि अचानक दुसरा कुणीतरी तिथेच सुरू झाला. जागा कुणाची?

जागा कुणाच्याच मालकीची नाही. आणि तो 'अचानक' आलेला असेलच असं नाही. तो तुमच्याइतकाच वेळ तिथे असू शकतो. तुम्ही दोघं एकमेकांच्या मृत पट्ट्यात (जिथे सिग्नल पोहोचतच नाही) होता, आयनमंडल बदललं आणि दोघं एकमेकांना ऐकू येऊ लागलात. दोघांनाही मनापासून वाटतं की समोरचा घुसला. स्पर्धेतली बहुतेक भांडणं या एका गैरसमजातून होतात, आणि मला त्याचं खरोखर वाईट वाटतं, कारण दोघांपैकी कुणाचीच चूक नसते.

एकदा 'क्यूआरएल' पाठवून पाहा. हलला नाही तर १०० ते १५० हर्ट्झ तुम्ही सरका, विरुद्ध बाजूला. पुष्कळदा तेवढ्यानेच सुंठीवाचून खोकला जातो. सीक्यू आखूड करा आणि दोन सीक्यूंमधली शांतता कमी ठेवा. लांब शांततेत नवा माणूस जागा रिकामी समजतो.

तरीही जमलं नाही तर संपर्कांचा वेग पाहा. एकदा मी चांगली जागा आहे म्हणून जवळजवळ पाऊण तास हट्टाने अडून बसलो होतो. शेवटी १ किलोहर्ट्झ वर गेलो आणि पहिल्याच सीक्यूला उत्तर आलं. तेव्हापासून नियम केला आहे: दहा मिनिटांत वेग अर्ध्यावर आला की उठायचं.

१०. एकाच वेळी दहा जण हाक मारतात, तेही एकाच सुरात. एकही कॉल सुटा होत नाही.

क्लस्टर आणि रिव्हर्स बीकन नेटवर्क, म्हणजे कोण कुठल्या फ्रिक्वेन्सीवर ऐकू येतंय याच्या इंटरनेटवरच्या याद्या, यांच्या काळाचं हे दुखणं आहे. तुमची नोंद तिथे झळकली की सगळे त्यावर टिचकी मारतात आणि सगळ्यांचे रेडिओ नेमके एकाच फ्रिक्वेन्सीवर येऊन बसतात. दहा सिग्नल एकावर एक पडले की उरतो तो एक सलग भोंगा.

तुम्ही सीक्यू देणारे असाल तर आरआयटी (फक्त ऐकण्याची फ्रिक्वेन्सी सरकवणारी सोय) ५०-१०० हर्ट्झ वरखाली करून कडेला कुणी आहे का पाहा. जी दोन अक्षरं कळली ती प्रश्नचिन्हासह पाठवा आणि त्याच माणसाला धरून राहा. मध्ये दुसरा तगडा घुसला तरी त्याला घेऊ नका. एकदा घेतलं की पुढचा तासभर सगळे तसेच घुसतात. 'क्यूआरझेड?' (मला कोण हाक मारतंय?) वारंवार पाठवलं की गोंधळ वाढतो, आपला कॉल पाठवणं बरं. खूप दाटी झाली तर 'अप' पाठवून वर ऐका, मात्र भरलेल्या बँडवर हे शेजाऱ्यांच्या जिवावर होतं, म्हणून १-२ किलोहर्ट्झच्या पुढे पसरू नका.

तुम्ही हाक मारणारे असाल तर एक्सआयटीने (फक्त पाठवण्याची फ्रिक्वेन्सी सरकवणारी सोय) ६०-८० हर्ट्झ बाजूला व्हा आणि पाव सेकंद उशिरा सुरू करा. भोंगा थांबताना ज्याचं शेवटचं अक्षर उघडं पडतं, त्याला उत्तर मिळतं. कॉल एकदाच.

११. समोरच्याला माझा नंबर कळत नाहीये. काय पाठवू?

त्याने विचारलं तेवढंच. 'एनआर?' (नंबर?) आला तर फक्त स्पर्धेतला नंबर, दोनदा. पुन्हा कॉल, ५९९ (सिग्नलचा शेरा), नाव-गाव काही नाही. वेग चार-पाच शब्दांनी उतरवा. एरवी ९ साठी 'एन', ० साठी 'टी', १ साठी 'ए' अशी आखूड रूपं चालतात, पण गोंगाटात दोनदा विचारणा झाली की पूर्ण अंक पाठवा. लांब अंक खरखरीतून जास्त नीट तगून जातो, त्याचे एक-दोन डिट बुडाले तरी अंदाज येतो.

१२. बँडवर कुणी नसतानाही मीटर एस-७ वर असतो. स्पर्धेच्या आधी काय करता येईल?

रेडिओ बॅटरीवर चालवा आणि घराचा मुख्य स्विच बंद करा. खरखर गेली तर चोर घरातच आहे. मग एकेक सर्किट चालू करत जा. नेहमीचे संशयित म्हणजे मोबाइलचे आणि लॅपटॉपचे चार्जर, एलईडी दिवे, सौर इन्व्हर्टर आणि नेटवर्कची उपकरणं. सापडलेल्या उपकरणाची वायर फेराइट रिंगमधून अनेक वेढे देऊन घ्या. खालच्या एचएफ (शॉर्टवेव्ह) बँडसाठी ३१ नंबरचं मिश्रण चांगलं काम करतं. एकच वेढा पुरत नाही, परिणाम साधारण वेढ्यांच्या वर्गाने वाढतो. अँटेनाच्या फीडलाइनवरही (अँटेनापासून रेडिओपर्यंतच्या केबलवर) असाच फेराइटचा चोक लावा, नाहीतर कोॲक्स केबलचं बाहेरचं आवरणच घरातली खरखर गोळा करून रेडिओत आणतं.

१३. ८० आणि १६० मीटरवर विजांच्या कडकडाटात काही ऐकूच येत नाही.

इथे ऐकायची अँटेना वेगळी हवी. बेव्हरेज अँटेना म्हणजे जमिनीपासून थोड्या उंचीवर ताणलेली लांबच लांब तार, १६० मीटरसाठी सहसा एका तरंगलांबीच्या आसपास. तिच्यातून सिग्नल उभ्या अँटेनापेक्षा कमजोरच येतो, पण ती एकाच दिशेला ऐकते, त्यामुळे दुसऱ्या दिशेची वादळं खूप खाली जातात. डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली यांनी स्कॉटलंडमधल्या आर्ड्रोसन इथे तंबूत बसून अमेरिकेतल्या हौशी स्टेशनांचे सिग्नल ऐकले ते बेव्हरेजवरच. शंभर वर्षांनंतरही खालच्या बँडवर तिला तोड नाही. एवढी जागा नसेल तर ऐकण्यासाठी लहान लूप लावा आणि तिची शून्य दिशा वादळाकडे करा. एजीसी फास्ट हवा, नाहीतर प्रत्येक कडकडाटानंतर रिसीव्हर बहिरा होतो.

१४. एकाच जागी दोन रेडिओ चालवतो. ४० वर पाठवलं की २० वर ऐकणारा बुडतो.

दोन्ही रेडिओंना बँडपास फिल्टर (फक्त आपला बँड जाऊ देणारा) हवाच. शिवाय ४० च्या ट्रान्समीटरजवळ टी-कनेक्टरवर पाव तरंगलांबीचा, टोक शॉर्ट केलेला कोॲक्स स्टब (बाजूला जोडलेला केबलचा तुकडा) लावा. ०.६६ वेगगुणकाच्या कोॲक्ससाठी ७.०३ मेगाहर्ट्झला त्याची लांबी सुमारे ७ मीटर येते. ७ मेगाहर्ट्झला हा स्टब जणू नाहीच असा वागतो, १४ आणि २८ ला मात्र शॉर्ट बनून हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीत बाहेर पडणारा नको असलेला सिग्नल) गिळतो. अडचण २१ ची. तिथे तो पाऊण तरंगलांबीचा होतो आणि पुन्हा उघडा भासतो, त्यामुळे १५ मीटरसाठी हा स्टब निरुपयोगी आहे.

१५. कुणीतरी मला 'क्लिक्स' असं पाठवलं आणि निघून गेला. लक्ष देऊ का?

द्या, आणि लगेच. सांगणाऱ्याने स्वतःचा वेळ मोडून सांगितलेलं असतं. मेन्यूत की-चढाव ४ ते ६ मिलिसेकंदांवर आहे का पाहा. ॲम्प्लिफायर शक्तीच्या टोकावर ढकललेला असेल तर ड्राइव्ह उतरवा. एएलसीच्या (शक्ती आपोआप आवरणाऱ्या सोयीच्या) भरवशावर शक्ती आवरत असाल तर पहिल्या डिटच्या सुरुवातीला उसळी येते, ती थांबवा. नंतर डमी लोडवर (अँटेनाऐवजी शक्ती जिरवणाऱ्या रोधावर) पाठवून दुसऱ्या रिसीव्हरवर, अँटेना काढून, १ किलोहर्ट्झ बाजूला ऐका. ७.०२ वर सीक्यू देताना रिव्हर्स बीकन नेटवर्कवर तुमचा कॉल १४.०४ वरही दिसला तर हार्मोनिक बाहेर पडतोय. सीक्यू वर्ल्डवाइडच्या नियमांत क्लिकमुळे रुंद झालेला सिग्नल आणि दुसऱ्या बँडवरचे हार्मोनिक, दोन्ही खिलाडूपणाविरुद्ध मानले जातात.

१६. इथे ऐकू येत नाही म्हणून इंटरनेटवरच्या दूरच्या एसडीआरवर ऐकून कॉल पूर्ण केला तर?

नाही. सीक्यू वर्ल्डवाइडमध्ये सगळे ट्रान्समीटर आणि रिसीव्हर ५०० मीटर व्यासाच्या एका वर्तुळात असावे लागतात. स्वतःचा सिग्नल कसा पोहोचतोय हे स्पर्धेआधी तपासायला मात्र असा एसडीआर उत्तम.

१७. मुद्दाम त्रास देणाऱ्याचं काय करायचं?

उत्तर द्यायचं नाही. त्याला तेच हवं असतं. जागा बदला, नाव न घेता ध्वनिमुद्रण ठेवा.

१८. गोंगाटात एक अक्षर नक्की कळलं नाही, पण कॉल ओळखीचा वाटतोय. लॉग करू?

विचारून घ्या. कॉलच्या यादीवरून सुचवणारं लॉगिंग सॉफ्टवेअर इथे फसवतं. ते नेहमी जास्त खेळणाऱ्या स्टेशनचा कॉल पुढे करतं आणि कान तोच ऐकल्यासारखा वागतो. अनेक स्पर्धांत चुकीच्या कॉलचा संपर्क तर जातोच, वर दंडाचे गुणही कापले जातात. एकदा 'एजीएन' (पुन्हा सांगा) विचारायला तीन-चार सेकंद लागतात. तीनदा विचारूनही एस आणि एच यांतलं नेमकं काय ते सुटत नसेल तर टीयू (धन्यवाद, म्हणजे संपर्क पूर्ण) न पाठवता त्याला 'सॉरी' पाठवा, म्हणजे तोही तुम्हाला लॉग करणार नाही आणि बँड शांत झाल्यावर पुन्हा हाक मारेल.